शेख सर स्वतःहून गेले नाहीत

शेख सरांना मी प्रथम पाहिले ते आमच्या घाटनांदूरच्या महिला रेशीम संस्थेत. दुष्काळात ऊस वाळला, तुती तगली, म्हणून आम्ही बायका रेशमी शेले विणू लागलो होतो. पण शेला चुरगळला की सुरकुती जाईना. व्यापारी म्हणे, "बाई, शेला हाय का भज्याचा कागद?" रसायनशास्त्र शिकवून नुकतेच निवृत्त झालेले सर हसले नाहीत. शेला मुठीत आवळून सोडला, म्हणाले, "रेशमाचा दोष नाही, ताई. त्याला आतून आधार द्यावा लागतो."

लिंबूसत्त्वाच्या पाण्यात शेले बुडवून, पिळून, भट्टीत तापवायची रीत त्यांनी संस्थेचे सल्लागार होऊन बसवली. अंगाला बाधत नाही ना, हे पाहायला पहिला शेला ऐन वैशाखात आठ दिवस स्वतःच्या गळ्यात गुंडाळला. आमच्यातल्या मथुराबाई विचारीत, "सर, लई थंडी वाजती का?"

"थंडी नाही, परीक्षा चाललीय माझी."

या रीतीने कापडावर किंचित पिवळी झाक येई. तेवढ्यावरून संस्थेच्या अध्यक्षांनी झाक न आणणाऱ्या, पण डोळ्यांना नि कातडीला झोंबणाऱ्या फॉर्मालिनची पिंपे आणली. त्यात बुडवलेला माल शेवटी खळबळून धुवावा लागतो. अध्यक्ष म्हणाले, "प्यायला टँकर, अन् कपड्याला पाणी कशाला घालायचं?" मी काटकसरीची बाई, मलाही पटले. त्याची लाज वाटते.

महिन्याभरात, शेले त्यात बुडवणाऱ्या मथुराबाईंचे डोळे सुजले, बोटांची सालपटे निघाली. सरांनी त्यांना एसटीने अंबाजोगाईला डॉक्टरांकडे नेले, आणि सभेत सरळ विचारले, "न धुता विकणार? मग पहिला शेला तुमच्या नातीला पांघरा."

त्याच सभेत सरांना काढले. इतिवृत्त मी लिहीत असे. अध्यक्षांनी सांगितले, मी लिहिले: 'सल्लागार स्वेच्छेने निवृत्त.' रोज देवापुढे दिवा लावणाऱ्या हाताने हे खोटे लिहिले.

आता सरांच्या या गौरवग्रंथात अध्यक्षांचाही लेख आहे म्हणे, सरांशी असलेल्या स्नेहावर! कसला स्नेह? मथुराबाईंची बोटे अजून फुटतात. पिंपे अजून आवारात आहेत. आधी ती हलवा, मग हार घाला. आणि माझे ते वाक्य खोटे आहे, हे मी इथे माझ्या नावानिशी लिहिते.

सर, पंच्याहत्तरी झाली. योगेश्वरी माता तुम्हाला शंभरीपार नेवो, गुडघे नि डोळे शाबूत ठेवो. रोज सकाळी संस्थेच्या फाटकावरून ताठ मानेने फिरायला जा. आत बसलेल्या आम्हां सगळ्यांना ते रोज पाहावे लागो.