कोरडी पाठ

फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. मामेभाऊ म्हणाला, "ताई, बाबा गेले. ऊन लागलं." लाईट आली म्हणून भर दुपारी मामा शेतावर मोटर चालू करायला गेला, आणि मोटर काही चालू झाली नाही. अंगावर ओतायला पाणी नाही… मला आधी रडू नाही, संतापच आला. जन्मभर ज्याच्या अंगाला घामाचा थेंब फुटला नाही, त्यानं मे महिन्यात घराबाहेर पडावंच कशाला?

हा आजार आमच्याकडे आजीकडून उतरला. बायका तो पुढे देतात, भोगतात बहुतेक मुलगे. घामाच्या ग्रंथीच नसतात, केस विरळ, दात दोन-चार आणि तेही टोकदार. मामाच्या लहानपणी हे सांगणारं कोणी नव्हतं. उन्हात तो मटकन खाली बसायचा आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, त्याच्या पाठीवरून हात फिरवून बघायचे. पाठ कोरडी म्हणजे पोरगं कामचुकार, हा त्यांचा न्याय! मग त्याच पाठीवर बैलाचा चाबूक. एकदा तर घाम येईपर्यंत म्हणून त्याला बांधावरच्या बाभळीला बांधून ठेवलं. आजी कुऱ्हाड घेऊन धावली तेव्हा कुठे दोर सुटला. मार खाऊन खाऊन मामा मारकुटा झाला. 'बोळक्या' म्हणणाऱ्याला तो भर बाजारात लोळवायचा. दात नाहीत पण चावतो, असं लोक म्हणायचे.

माझा मुलगा तसाच जन्मला. सासूबाईंनी माझ्या माहेराचा उद्धार केला, तो मी गिळला. पण वर्षाचा असताना तो तापानं फणफणला आणि सासऱ्यांनी त्याला दोन गोधड्यांत गुंडाळलं. घाम फुटला की ताप उतरतो, एवढंच त्यांना माहीत. मी गोधडी ओढायला गेले, तर नवऱ्यानं हात पिरगाळून मला बाहेर ढकललं आणि आतून कडी लावली. आत पोराचं रडणं हळूहळू थांबलं… मी मामाला फोन केला. माझं सासर जळगाव जामोदला, तिथून त्याचं गाव जवळच. त्यानं लाथेनं दार मोडलं, सासऱ्यांच्या थोबाडीत दिली, नवऱ्याला भिंतीवर आदळलं आणि पोराला घेऊन अंगणातल्या हौदात उतरला.

"याले घाम येतच नाही," पाण्यात उभा राहून तो म्हणाला, "तुमी याले जित्ता भाजून राह्यले."

पाण्यात पोरगं किंचाळलं. आज ते चौथीत आहे. त्या दिवसापासून माझ्या घरात माझ्यावर कोणी हात उचललेला नाही. मारामारी वाईट, असं मी मुलाला शिकवते खरी, पण मामाला ते लागू करत नाही.

मामाला आंघोळ घातल्यावर मामी त्याची कवळी घेऊन आली. गाल आत गेलेत, लोक शेवटचं तोंड पाहतील, बरं दिसत नाही, म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. पण भांडायला निघाला की मामा आधी कवळी काढून खिशात टाकायचा. फुटली तर नवी कोण देणार, म्हणायचा. आमचं दार मोडलं तेव्हाही ती खिशातच होती. मी मामीचा हात धरला.

"राहू दे मामी. वर आबा भेटतीन त्याले."