ट्रायलची मजुरी

लग्न होऊन मी शिरूरला आले तेव्हा गावाला सगळे घोडनदीच म्हणत. आमचे हे तिथल्या कोर्टात वकिली करत. गावात मोटारी अगदी मोजक्या होत्या, आणि त्यात आपली एक असावी असं ह्यांच्या मनानं घेतलं होतं. दौंडच्या रेल्वेतले एक साहेब बदली होऊन निघाले होते. त्यांची छोटी काळी मोटार ह्यांनी विकत घेतली. किल्ली देताना साहेबांनी एकच सल्ला दिला, की हँडल मारताना अंगठा सांभाळा. बाकी काही सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं तर पुष्कळ होतं.

गाडी चाले छान, पण धूर फार सोडी. पेठेतून निघालो की दुकानदार कापडाचे तागे आत सरकवत. ह्यांना वाटे, लोक अदबीनं बघतात.

एकदा माझ्या धाकट्या बहिणीला रेल्वेत बसवून द्यायला आम्ही मोटारीनं दौंडला गेलो. आगगाडी सुटली, बहीण गेली, आणि परत निघालो तर स्टेशनपासून थोड्याच अंतरावर आमच्या मोटारीनं इतका धूर काढला की समोरचा टांगेवाला खाली उतरून घोड्याचं तोंड धरून उभा राहिला. मग गाडी बंद पडली ती पडलीच. हँडल मारून ह्यांचा सदरा घामानं भिजला. शेवटी चार हमालांनी ढकलत ढकलत आम्हाला एका गॅरेजसमोर नेऊन सोडलं.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढं मोठा कडुनिंब. त्याखाली लुंगी नेसलेले, पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ चहा पीत बसले होते. हेच मिस्त्री. त्यांचं घराणं दौंडात पिढ्यान्‌पिढ्यांचं. लढाईच्या काळात त्यांनी लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त केल्या होत्या आणि आता ट्रक, विहिरीवरची तेलाची इंजिनं, शिवणाची मशिनं, जे येईल ते दुरुस्त करत. त्यांनी बॉनेट उघडलं आणि ह्यांच्याकडं बघितलं.

"रिंगा गेल्यात साहेब. पिस्टनच्या. तेल जळतंय."

"खर्च किती येईल?" ह्यांनी विचारलं.

"आता खोलल्याबिगर काय सांगू? ठिवून जावा. झाली की कळवतो."

मला तिथंच वाटलं होतं की ह्यांनी आणखी एकदा विचारावं. पण शिरूरची एस.टी. सुटायला आली होती. आम्ही पळालो.

पुढं बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका संध्याकाळी एस.टी.च्या ड्रायव्हरनं बिल आणून दिलं. वहीचा कागद, त्यावर मोडक्या पण सुवाच्य अक्षरात दोन रकाने. एकीकडं सामान, एकीकडं मजुरी. ह्यांनी तो कागद दिव्याजवळ धरला, चष्मा पुसला आणि पुन्हा धरला.

"मजुरी सामानापेक्षा जास्त!" हे म्हणाले. "रिंगा विकत आणल्या, ठीक. गॅस्केट, ठीक. पण खोलण्याची मजुरी वेगळी, बसवण्याची वेगळी? जे खोललं ते बसवणारच की! आणि हे काय? ट्रायलची मजुरी! गाडी चालवून बघितली त्याचे पैसे?"

"चालवून बघायला नको का?" मी म्हटलं.

"बघावी ना. पण माझ्याच गाडीत बसून फिरायचं आणि मलाच मजुरी लावायची?"

रकमेपेक्षा ह्यांना तो शब्द लागला होता. जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कचेरीच्या टंकलेखकाला बसवून मिस्त्रींना नोटीस लिहिली. इंग्रजीत. त्यात गाडी विनाविलंब परत करण्याची मागणी होती आणि कायद्याची कलमं होती. मी म्हटलं, "अहो, मिस्त्रींना इंग्रजी येतं का?"

"नोटीस समजायची नसते," हे म्हणाले, "ती पोचायची असते."

नोटीस रजिस्टरनं गेली. पोचल्याची सही केलेली पावतीही आली. उत्तर मात्र नाही. गाडी दौंडात आणि हे रोज कोर्टात पायी. पेठेतले दुकानदार प्रेमानं विचारत, "वकीलसाहेब, मोटार दिसत न्हाई हल्ली?" हे म्हणत, "कामाला दिलीय."

मग बाजारच्या दिवशी आमच्या दारात आबा आले. आबा ह्यांचे जुने अशील. भीमेकाठच्या एका गावचे धनगर. त्यांच्या वडलांनी हयात मेंढरांमागं काढली, पण आबांनी विहीर पाडली, इंजिन बसवलं आणि ऊस लावला. बांधाचा एक दावा त्यांचा आमच्याकडं चालू होता. आज मात्र कागदपत्रं नव्हती. डोक्यावर नवा गुलाबी फेटा होता आणि हातात बुंदीच्या लाडवांची एवढी मोठी पाटी.

पाटी खाली ठेवून त्यांनी ह्यांना वाकून नमस्कार केला.

"वकीलसायेब, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. पोराचं लगीन झालं ते तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं?" हे म्हणाले.

"मंग! मोटार पाठवली न्हाई का तुम्ही!"

ह्यांचा हात लाडवापर्यंत गेला होता, तो तिथंच राहिला. मी पटकन पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हटलं, "आबा, बसा. नीट सांगा सगळं. आम्हालाही ऐकू द्या."

आबांनी मांडी घातली. पोराची सोयरीक तळेगाव ढमढेऱ्याला झाली होती. मुलीकडचे तालेवार. आबांनी त्यांना मोठ्या ऐटीत सांगून ठेवलं होतं की नवरदेव मोटारीतून येईल. त्यासाठी एक ट्रक ठरवला होता. लग्नाच्या दिवशी सकाळी त्या ट्रकाचा आस गावाबाहेरच मोडला. वऱ्हाड बैलगाड्यांत बसवता आलं, पण नवरदेवाचं काय? आबा सायकल घेऊन दौंडला मिस्त्रींकडं गेले. त्यांच्या विहिरीवरचं इंजिन मिस्त्रीच बघत.

"मिस्त्री म्हनले, आस आज व्हत न्हाई. मी तर खालीच बसलो. मंग म्हनले, आबा, तुमचा वकील कोन? मी तुमचं नाव घेतलं. तर म्हनले, ही बघा त्येंचीच मोटार, कालच तयार झालीया. तुमच्या लग्नाला ते न्हाई म्हननार हायत व्हय? बसा. आन् सोता चालवत आले!"

"अस्सं," हे म्हणाले.

"तळेगावात मान्सं वट्यावर चढून बघत हुती. सोयरे म्हनले, वकिलानं आपली मोटार दिली म्हंजी घर मोठं हाय. म्या म्हनलं, आमचे वकील हायतच तसे."

मी ह्यांच्याकडं बघत होते. चेहऱ्यावर एकामागून एक बरंच काही येऊन गेलं. शेवटी हे म्हणाले, "असू द्या आबा. त्यात काय एवढं. मुलगा आमचाही आहेच की."

आबांचे डोळे भरून आले. गाडीचं भाडं किती म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा हे जवळजवळ रागावलेच. आबा पुन्हा नमस्कार करून गेले.

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत ह्यांनी दम धरला. मग उसळले. "ट्रायल! ही ट्रायल! माझ्या गाडीतून वरात काढायची आणि वर मजुरी मलाच! फौजदारीच करतो!"

"करा," मी म्हटलं. "साक्षीदार कोण? आबा. ते सांगतील, वकीलसाहेब म्हणाले, असू द्या, मुलगा आमचाही आहे."

हे खुर्चीत बसले. थोड्या वेळानं त्यांनी एक लाडू खाल्ला. मग म्हणाले, "रविवारी दौंडला जाऊ. तू पण चल."

रविवारी आम्ही गेलो. गाडी कडुनिंबाखाली उभी होती, धुऊन पुसून लख्ख. मिस्त्रींनी आम्हाला बघून बाजेवर सतरंजी टाकली, समोरच्या हॉटेलात चहाची हाक दिली. नोटिशीचा विषय त्यांनीच काढला.

"साहेब, तुमचं पाकीट आलं. पोस्टमनला म्हनलं वाच, तर त्याला इंग्रजीत नुस्ता पत्ता वाचता येतो. स्टेशनमास्तरांनी वाचलं आन् म्हनले, वकील गाडी परत मागतोय. मी म्हनलं, मागू द्या की, त्याचीच हाय! मी कुठं ठिवून घेतो म्हनलं? पैसं द्यावं आन् न्यावी."

"पैशाचंच बोलायला आलोय," हे म्हणाले. "ट्रायलची मजुरी लावलीत. ट्रायल कुठं घेतलीत?"

मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. "कळलं व्हय तुम्हाला?"

"आबा लाडू देऊन गेले."

"मंग झालं की! साहेब, नव्या रिंगा घातल्या की गाडी पयले काही मैल हळूच चालवावी लागती. पळवली की बिघडली. आता हळू म्हंजी किती? म्होरं बायकांच्या बैलगाड्या, मागं आपली मोटार. नवरदेव वऱ्हाडाच्या आधी पोचू नये म्हनून आबा मला पुढं जाऊ देईनात. तळेगावात तर पुढं ताशा वाजतोय आन् मागं मी पहिल्या गिअरात. वरातीपरास हळू गाडी कुनी चालवून दाखवावी! पेट्रोल आबाचं. तुमचा काय तोटा झाला?"

कोर्टात समोरचा इतकं सरळ बोलत नसावा. "म्हणून काय न विचारता?" हे म्हणाले.

"विचारायला शिरूरला गेलो असतो तर लगीन राहिलं असतं."

तेही खरं होतं. चहा आला. मला मगापासून एक प्रश्न विचारायचा होता तो मी विचारला.

"मिस्त्री, लग्नात जेवलात का तुम्ही?"

"म्हंजी काय! आबानं सोडलं न्हाई. पुरनपोळी, वर आमटी. तूप तर असं वाढलं की काय सांगू."

"आहेर?"

"फेटा बांधला की. घरात ठिवलाय. दाखवू?"

"मग ती मजुरी कशी झाली?" मी म्हटलं. "जेवण झालं, फेटा झाला, मान झाला. तुम्ही तर पाहुणे म्हणून गेलात. पाहुण्याला कोणी मजुरी देतं का?"

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले आणि मग असे हसले की कपातला चहा लुंगीवर सांडला. "बाई, वकिली तुम्ही कराया पाहिजे हुती," असं म्हणत त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि बिलातली ती ओळ स्वतःच्या हातानं खोडली.

एवढ्यावर उठावं की नाही? पण ह्यांना जोर आला. "आणि खोलायची मजुरी वेगळी, बसवायची वेगळी, ती?"

आता मिस्त्रींचा आवाज जरा चढला. "ती न्हाई खोडनार. घामाची हाय ती. साहेब, आबाच्या दाव्याला तुम्ही हुबं राहता. एक दिवस हुबं राहिलं, तारीख पडली. परत हुबं राहिलं, परत तारीख. दोन्ही येळची फी आबा देतो का न्हाई? त्यात सामान तर काहीच लागत न्हाई!"

मी पदर तोंडाला लावला. पण ह्यांनी सोडलं नाही. "देतो. पण का देतो? मी पहिल्याच दिवशी त्याला सांगतो, एका तारखेचे इतके. त्याला जड वाटलं तर तो दुसऱ्याकडं जाईल. तुम्ही मला काय सांगितलंत? खोलल्याबिगर काय सांगू. खोलल्यावर तरी कळवलंत का?"

कडुनिंबाखालच्या आमच्या गाडीकडं मिस्त्रींनी एकदा बघितलं.

"न्हाई कळवलं," ते म्हणाले. "ते चुकलं. खोलली तवा कळवाय पाहिजे हुतं."

त्यांनी असं सरळ कबूल केल्यावर ह्यांचाही सूर उतरला. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं, उसाचं, रेल्वेच्या नव्या साहेबाचं. मग मिस्त्रींनी आपण होऊन मजुरीतून काही रक्कम कमी केली आणि ह्यांनी उरलेली रोख मोजून दिली. मला त्यातलं कोण जिंकलं हे आजही सांगता यायचं नाही. दोघांचेही चेहरे जिंकल्यासारखे होते.

निघताना मिस्त्रींनी विचारलं, "नोटिशीचं काय करू?"

"फाडून टाका."

"रजिस्टर आलीया, सही घेतलीया माझी. फाडाया भ्या वाटतं. तुम्हीच फाडा."

ह्यांनी स्वतःची नोटीस स्वतः फाडली आणि तुकडे खिशात घातले.

परतीच्या वाटेवर गाडीनं धूर म्हणून काढला नाही. मागच्या सीटच्या फटीत अक्षता अडकल्या होत्या, दाराच्या आतल्या बाजूला हळदीची बोटं उमटली होती. न्हावऱ्याला रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबलो तर पारावरचा एक म्हातारा उठून जवळ आला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ही ती वरातीतली मोटार न्हवं?"

"हो, तीच," हे म्हणाले.

"आमच्या नातीचं लगीन हाय दिवाळी झाल्यावर. पाबळला द्यायचीय. येईल का?"

मला वाटलं, आता हे काही तरी तिरकस बोलणार. ह्यांनी बॉनेट लावलं, हात पुसले.

"मिस्त्री मोकळे असले तर येईल," हे म्हणाले. "आणि मुहूर्ताच्या आधी महिनाभर सांगा. माझी बायकोही येणार आहे, तिचं जेवण धरा."

मी गेले पाबळला. पुरणपोळी उत्तम होती. मिस्त्री माझ्या शेजारच्याच पंगतीत बसले होते, आणि तूप वाढणाऱ्याला दोनदा त्यांनीच हाक मारून माझ्या पानाकडं पाठवलं.