विहीणबाईंचा मोर

वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पडवळाचा एक वेल आहे. त्याचं बी माझे वडील दर वर्षी राखून ठेवत. ते गेल्यानंतरचा हा पहिला वेल, आणि त्यांचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलेलं. आईच्या मनात एकच गोष्ट होती: त्या दिवशी पानात ह्याच वेलाचं पडवळ पडायला हवं. तीन-चार पडवळं लोंबत होती, सरळ वाढावीत म्हणून टोकाला दगड बांधलेली. आणि नेमकी तेव्हाच पानांवर पांढरी भुकटी दिसायला लागली. कुणीतरी पावडरचा डबा सांडावा तशी.

पहिला सल्ला आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी दिला. गच्चीवरच्या बागेचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते, फीत कापून आणि शाल पांघरून झालं होतं. तिथल्या फलकावर झाडांपेक्षा पदाधिकाऱ्यांची संख्या अजूनही जास्त आहे. त्यांनी कडुनिंबाच्या तेलाची बाटली दोन्ही हातांनी, पारितोषिक द्यावं तशी, माझ्या हवाली केली.

"शंभर टक्के नैसर्गिक," ते इंग्रजीत म्हणाले.

नैसर्गिक तर पानांवरची ही बुरशीही आहे, असं मला म्हणायचं होतं. पण शाल पांघरलेल्या माणसाशी वाद घालू नये, एवढं मी आयुष्यात शिकलो आहे.

बाटली आईने एकदा हुंगली आणि बाजूला ठेवली. "श्राद्धाचा स्वैपाक चाखायचा नसतो रे. पडवळाला ह्याचा वास लागला, कडू झालें, तर मला कसें कळणार? वाढल्यावर?"

मी बाटलीचं झाकण घट्ट लावून टाकलं.

त्याच दिवशी माझे सासरे श्राद्धासाठी तासगावहून आले. त्यांचं आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं. चहा व्हायच्या आधीच ते गच्चीवर गेले, एक पान उलटंपालटं करून म्हणाले, "भुरी. खराब पानं काढा आधी. वेलाला वारा लागू दे."

"आणि औषध?" मी विचारलं.

"औषधं ढीग आहेत. पण खायचंय कधी? तोडणी जवळ आली की आम्ही पंपाला हात लावत नाही."

तेवढ्यात धापा टाकत आई वर आली. "कशाला इतका विचार, व्याहीबुवा? मोर मारलें की पुरे. माझी अम्मा तेंच करायची."

सासऱ्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "मोर?" त्यांनी विचारलं.

"हो, मोर. घट्ट नको, पातळ करून."

त्यांनी नुसती मान डोलावली. आमच्याकडे विहिणीला उलट उत्तर देत नाहीत, आणि त्यांच्याकडे तर नाहीच नाही. मला मात्र त्यांच्या गंभीर होण्याचं कारण तेव्हा कळलं नाही, आणि ह्याचा दोष माझ्या कानांचा आहे. आमचं घराणं तंजावरचं. आमच्या मराठीत कुठला शब्द मराठी आणि कुठला तमिळ, हे आम्हाला बाहेरचा माणूस अडखळला की मगच कळतं.

दुपारी सासरे कापडी पिशवी घेऊन निघाले. "स्टेशनपर्यंत पाय मोकळे करून येतो," म्हणाले. परतले तेव्हा शर्ट घामाने भिजलेला आणि मुद्रा अपमानाची. पिशवीतून त्यांनी मसाला ताकाची दोन पाकिटं काढून टेबलावर आपटली.

"काय गाव आहे तुमचं! औषध मागितलं तर ताक पाजतात!"

झालं होतं ते असं. ते बी-बियाण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराला मराठी येत नव्हती, ह्यांना तमिळ. ह्यांनी पंपाने फवारल्याचा अभिनय केला आणि "मोर, मोर" म्हणाले. दुकानदाराने त्यांच्या घामाकडे पाहिलं, त्याला दया आली, आणि त्याने हाताला धरून त्यांना समोरच्या दुधाच्या बूथवर नेऊन सोडलं. तिथे ह्यांच्या हातात गार पाकीट आलं.

"एक पिऊन टाकलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चांगलं होतं."

"पण तुम्हाला हवं काय होतं?" मी विचारलं.

"मोरचूद! विहीणबाई म्हणाल्या ना, मोर मारा म्हणून? बागेला मारतो की आम्ही, चुन्यात कालवून. पण आठवड्यात खायच्या फळावर? रात्रभर झोप लागली नसती मला. पण त्यांना नाही कसं म्हणायचं? म्हटलं, आणू, पानांना तेवढं लावू, पडवळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवू."

आई दारातच उभी होती. तिला मोरचूद हा शब्द ठाऊक नव्हता. मी सांगितलं, "मयिल्तुत्तम." तमिळमध्ये मयिल म्हणजे मोर. त्या निळ्या विषाला दोन्ही भाषांनी मोराचंच नाव दिलं आहे. आणि 'मोर' हा आमच्या घरचा शब्द मात्र तमिळ, अर्थ ताक.

"अय्यो!" आई मटकन खाली बसली. "त्यांच्या श्राद्धाच्या पडवळाला मी विष मारा म्हटलें?"

"तुम्ही ताक म्हणालात," सासरे म्हणाले. "विष मी ऐकलं."

मग दोघंही हसायला लागली. आईचं हसू मध्येच डोळ्यांत उतरलं आणि सासरे खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखे बघत राहिले.

पाकिटातलं ताक मिठाचं, हिंगाचं; ते वेलाच्या कामाचं नव्हतं. आम्हीच ते पिऊन संपवलं. आईने घरचं ताक ओट्यावर ठेवून चांगलं आंबू दिलं, वडिलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळलं, भरपूर पाणी घालून पातळ केलं. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीत ते भरलं. सासऱ्यांनी कात्रीने खराब पानं काढून टाकली आणि सकाळच्या उन्हात राहिलेल्या पानांवर दोन्ही बाजूंनी फवारा मारला. आई मागून सूचना देत होती. गच्चीवर आंबूस वास पसरला. अध्यक्ष फलकापाशी नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि हे कोणत्या कंपनीचं आहे, असं त्यांनी विचारलं.

वेल बरा झाला का? डागाळलेली पानं डागाळलेलीच राहिली. नवी पालवी मात्र हिरवी निघाली. श्रेय ताकाचं की पानं काढण्याचं, हे मी ठरवू शकत नाही. आई ताकाचं म्हणते, सासरे कात्रीचं, आणि दोघंही मोठ्या अदबीने एकमेकांना श्रेय देऊन आपलंच म्हणणं पुढे रेटतात.

श्राद्धाच्या दिवशी आईने एक पडवळ बियाण्यासाठी वेलावरच राखलं. बाकीची तोडली, पुन्हापुन्हा धुतली, आणि न चाखता त्यांचं कूट, म्हणजे आमच्याकडची डाळ घातलेली भाजी, शिजवलं. गुरुजी मुकाट्याने जेवले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. ते गेल्यावर आमची पानं मांडली. आई वाढायची थांबली आणि सासऱ्यांच्या पहिल्या घासाकडे बघत उभी राहिली.

त्यांनी घास सावकाश चावला, गिळला. पुन्हा पडवळाची एक फोड उचलून तोंडात टाकली.

"विहीणबाई," ते म्हणाले, "व्याह्यांच्या हातचं बी गोड आहे."

आईने पदराने कपाळ पुसलं. मग ताकाचं भांडं उचललं, आणि वर्षभरात पहिल्यांदाच थट्टेच्या सुरात विचारलं, "मोर वाढूं?"

"वाढा," सासरे पानापुढे द्रोण सरकवत म्हणाले. "पांढराच ना?"