पळालेल्यांचा नियम

"बाई, पाय हलवू नका! तुमच्या चपलंखाली राक्षस हाय."

पुंडलिकभाऊ माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. कुंभारवाड्याकडच्या शाळेत माझी बदली झाली होती आणि भाड्याची खोली बघायला मी त्यांच्या पडवीत पाऊल टाकलं होतं. समोर एक धिप्पाड, झुपकेदार मिशांचा माणूस दोन्ही हातांवर रांगत होता. खानापूरहून निघताना वाघ, अस्वल, जळवा यांची भीती सगळ्यांनी घातली होती. राक्षसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी तशीच एका पायावर उभी राहिले. त्यांनी माझ्या टाचेजवळून बोटाच्या पेराएवढं काहीतरी हिरवं उचललं, फुंकर मारली, उजेडात धरून निरखलं आणि म्हणाले, "जित्ता हाय." खोलीचं बोलणं त्यानंतर झालं.

हा माणूस देवळाच्या बैठकीत उठून उभा राहिला की बाकीचे गप्प बसत. भाताची शेती, थोडी सुपारी, आणि जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या, असा त्यांचा संसार. असा माणूस रविवारी दुपारी जुन्या दाराची फळी चार खोक्यांवर टाकतो, तिच्यावर मातीच्या टेकड्या मांडतो आणि "आज माझ्या जादूगाराचं काय खरं न्हाई" म्हणून चिंता करत बसतो, हे बघून मी चक्रावले. हे वेड त्यांना लावलं बेंगळुरूच्या एका इंजिनियरने. रस्ता खचल्यामुळे तो त्यांच्या घरी बरेच दिवस अडकून पडला होता. त्याच्या पेटीत प्लास्टिकची दोन चिमुकली सैन्यं होती. एका बाजूला लांब कानांचे धनुर्धारी, दुसऱ्या बाजूला सुळेवाले राक्षस. टेपने अंतर मोजून तुकड्या पुढे न्यायच्या, फासे टाकून लढाई करायची. जाताना तो दोन्ही सैन्यं इथेच ठेवून गेला. अधूनमधून पार्सलने नवी भरतीही पाठवायचा.

पुंडलिकभाऊंचा खरा जीव होता तो बैठकांवर. गणपतीच्या मूर्तीला असते तशी या प्रत्येक सैनिकाला पायाखाली एक बैठक लागते, नाहीतर तो उभाच राहत नाही. भाऊ त्या नाण्याएवढ्या चकतीवर अख्खं रान उभं करत. जांभ्या दगडाची भुकटी गोंदावर भुरभुरायची, भाताच्या तुसाला तपकिरी रंग देऊन पाचोळा करायचा, काथ्याचे धागे कापून वाळलं गवत लावायचं, विहिरीच्या काठावरचं शेवाळ सुकवून त्याची झुडपं करायची. "बाई," ते सांगत, "माणसाचं तोंड मागनं बघायचं. आधी त्यो कशावर उभा हाय ते बघायचं." हे ते सैनिकांबद्दल बोलत की माणसांबद्दल, ते मला कधी नीट कळलं नाही. शाळेत नवे हेडमास्तर आले तेव्हाही भाऊंनी मला हेच सांगितलं होतं.

पण नियम ठरल्याशिवाय ते एकही बैठक चिकटवत नसत. त्याला कारण होतं. या खेळाचे नियम एक नाहीत, ढीगभर आहेत. काहींत सैनिक खांद्याला खांदा लावून रांगेत चालतात, त्यांना चौकोनी बैठक लागते. काहींत ते विखरून लढतात, त्यांना गोल चालते. म्हणून नवी भरती फळीच्या कोपऱ्यात आडवी पडून निकालाची वाट बघत असे. इंजिनियर फोनवर नवनवे फुकटचे नियम पाठवी. ते इंग्रजीत असत आणि मी भाडेकरू असले तरी मास्तरीण होते. त्यामुळे रोज संध्याकाळी कंदमुळाची भाजी आणि भाकरी माझ्यापुढे येई, आणि तिच्या मागोमाग भाऊंचा फोन. मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. बीएड करताना कुणी मला सांगितलं असतं की तू एक दिवस राक्षसांच्या घाबरगुंडीचं मराठी करशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

नियम निवडायची त्यांची रीत ठरलेली होती. जादू किती, शस्त्रं कोणती, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ते दोनच प्रश्न विचारत. पहिला, "अंतर आधी मोजू देत्यात, का नुसत्या नजरेनं अंदाज करायचा?" अंदाज करायचा म्हटलं की तो नियम बाद. दुसरा, "पळणाऱ्याचं काय?"

या खेळात तुकडीतले फार सैनिक मेले की उरलेल्यांचा धीर सुटतो आणि ते पाठ फिरवून पळतात. बहुतेक नियमांत त्यांना सावरायची संधी असते. पाळी आली की फासा टाकायचा. दान चांगलं पडलं तर पळणारे थांबतात, वळतात आणि पुन्हा लढायला उभे राहतात. मी हे वाचून दाखवलं की भाऊ ताडकन उठत. "खोडा ते. पळाला त्यो गेला. त्याला मैदानावर जागा न्हाई." मग बाकीचा नियम ठेवून तेवढाच भाग आम्ही खोडायचो. "भाऊ, तुमच्या मिशांना हे शोभतं बरं का," असं एकदा मी थट्टेने म्हटलं. ते हसले नाहीत. मी मनात म्हटलं, असतात काही माणसं जातिवंत शूर, त्यांना पळपुट्यांची चीड असायचीच.

मग माझ्या तिथल्या पहिल्या रविवारी बाबू आला. बाबू म्हणजे सुशीलावहिनींचा, भाऊंच्या बायकोचा, धाकटा भाऊ. पलीकडच्या वाडीत राहायचा आणि राक्षसांचं सैन्य त्याचं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले, त्याने मान वर केली आणि माझ्या हातातला ट्रे हिंदकळला. कपाळापासून जबड्यापर्यंत त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू कुणीतरी फाडून घाईघाईने पुन्हा शिवल्यासारखी होती. त्या बाजूला डोळा नव्हता. कुठे बघावं ते मला कळेना. तोच म्हणाला, "बघा बाई, एकदा नीट बघून घ्या. मग तुम्हास्नी खेळ बघता येतंय." आणि मोकळा हसला. कपांत उरलेला चहा मी खाली ठेवला. अंतर आधी मोजायलाच मिळालं पाहिजे, असा भाऊंचा हट्ट का, ते मला तेव्हा उमगलं. एका डोळ्याने लांबचा अंदाज येत नाही.

बाबू खेळताना सतत बडबडे, भाऊ गप्प असत. दोघांचा वाद व्हायचा तो एकाच गोष्टीवरून. तुकडी पळाली, मग ती कुणाची का असेना, की बाबू म्हणायचा, "दाजी, परत येऊ द्या की त्येस्नी." भाऊ म्हणायचे, "न्हाई." आणि पळालेले सैनिक मैदानातून उचलून डब्यात टाकायचे. बाबूचे राक्षस ते जपून ठेवत. स्वतःचे धनुर्धारी मात्र असे टाकत की त्यांची धनुष्यं मोडत.

एका शनिवारी मी बैठकांसाठी म्हणून वारुळाची माती आणली. बारीक, चिकट, वाळली की दगडासारखी. भाऊ खूश होतील या आनंदात मी ती ताटलीत काढून त्यांच्यापुढे ठेवली. "कुठली ही?" त्यांनी विचारलं. "वारुळाची," मी म्हटलं. त्यांनी ताटलीसकट माती अंगणात भिरकावली आणि तडक शेताकडे चालते झाले. आजवर माझ्यावर ज्यांनी आवाज चढवला नव्हता, त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत हे करावं! मी स्वयंपाकघरात गेले.

सुशीलावहिनी चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. थापता थापताच बोलल्या.

"तुम्हास्नी ठावं न्हाई, म्हणून केलासा. ह्येनी आनी बाबू कोकमाची फळं आणायला गेल्ते. वारुळापाशी अस्वल हुतं, पिल्लाची आई. बाबू पुढं हुता. त्याच्या अंगावर आलं."

"आणि भाऊंनी सोडवलं?" मी विचारलं. दुसरं काही माझ्या मनातही आलं नाही.

वहिनींचा हात थांबला. "ह्येंच्या हातात कोयता हुता, बाई. कोयता घेऊनच पळाले. घरात येऊन त्या खांबाला टेकून बसले. बोलायला येईना. काय झालं, बाबू कुठं हाय, मी विचारून विचारून दमले. आनी मग बाबू आला. तोंडाला पंचा दाबून, आपल्या पायानं चालत." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "आधी माझा नवरा आला, मग माझा भाऊ."

पळणाऱ्याला जागा नाही म्हणणारा तो दणदणीत आवाज, त्या मिशा, देवळातली ती जरब, सगळं माझ्या डोळ्यांपुढे फिरलं. खरं सांगते, मला त्यांचा राग आला. भाऊंच्या घरात राहून, भाऊंच्याच घरची भाकरी खाऊन, मी त्यांच्याकडे बघायचं टाळू लागले. वहिनींनीच पुढचं सांगितलं नसतं तर मी खोली सोडली असती. बाबू दवाखान्यात होता तोवर भाऊ त्याच्या खाटेखाली झोपले. तो बरा झाला, आणि मग भाऊ त्याच्यासमोर जाईनात. सणाला तो आला की ते शेतात निघून जात. वर्षानुवर्षं असं चाललं. इंजिनियरच्या खेळाला समोर दुसरा गडी लागतो म्हणताच वहिनींनी भावाला निरोप धाडला. "तवापास्नं एका फळीला बसत्यात," त्या म्हणाल्या. "पर त्या दिवसाचं अजून कुणी बोललेलं न्हाई. अस्वल ह्यो शबुद ह्या घरात निघत न्हाई."

त्यानंतर भाऊंना पळालेले धनुर्धारी डब्यात टाकताना मला बघवेना. हा माणूस दर रविवारी स्वतःलाच मैदानाबाहेर फेकत होता, आणि ते मला इतके दिवस शौर्य वाटलं होतं.

यथावकाश माझी हल्याळला बदली झाली. निघायच्या आदल्या रविवारी भाऊंनी नवे नियम काढले. मी पडवीत बसून वाचत होते. दुसरा प्रश्न आला. मी म्हटलं, "सावरता येतं, भाऊ. पाळी सुरू होताना फासा टाकायचा. चार किंवा जास्त पडले तर थांबतात." "खोडा," ते म्हणाले. बाबू राक्षस मांडत होता.

खेळ रंगला. बाबूचे राक्षस टेकडीवरून उतरले आणि भाऊंच्या धनुर्धाऱ्यांची अर्धी तुकडी आडवी झाली. उरलेल्यांनी पाठ फिरवली. भाऊंनी त्यांना उचलायला हात पुढे केला, आणि बाबूने तो मनगटाशी धरला.

"ठेवा ते, दाजी."

"बाबू, सोड. पळाला त्यो गेला."

"अस्वलानं फाडलं ते मला," बाबू म्हणाला. "तुम्हास्नी न्हाई. मग पळालेल्याचं काय करायचं, ह्यो नियम तुम्ही कसा ठरवताय?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

"एवढी वर्सं मी म्हणालोय, परत येऊ द्या, परत येऊ द्या," बाबूचा आवाज आता फाटला. "ते काय ह्या बाहुल्यांसाठी म्हणालो व्हय?"

तो धिप्पाड माणूस मटकन स्टुलावर बसला आणि रडू लागला. मिशांवरून पाणी ओघळून जांभ्याच्या भुकटीवर पडत होतं. माझेही डोळे भरून आले, आणि इतके दिवस मनात धरलेला राग कुठे गेला कोण जाणे. बाबूने त्यांना रडू दिलं. मग मनगट सोडून त्यांच्या तळव्यावर फासा ठेवला.

"टाका."

भाऊंनी टाकला. दोन पडले.

नियमाप्रमाणे तुकडी आणखी मागे पळायला हवी होती. बाबूने टेप धरला, मोजलं आणि ती स्वतः मागे सरकवली. भाऊंनी डोळे पुसले आणि सवयीने डबा जवळ ओढला.

"डबा कशाला घेतालाय?" बाबू म्हणाला. "फळीची कड अजून लांब हाय. पुढच्या पाळीला परत टाका."

मग त्याने आपले राक्षस चालवले. वहिनी दारातून हलल्या नाहीत, मीही हातातला फोन बंद करून बसले होते. बाबूची पाळी संपली. कुणी काही सांगायच्या आत पुंडलिकभाऊंनी फासा उचलला.