बाळाची मूठ

बाळ बघायला आलेलं माणूस जाताना त्याच्या मुठीत नोट ठेवतं. काल शेजारच्या काकूंनी पाचशेची ठेवली. तळव्याला काहीही लागलं की तान्ही बोटं आपोआप मिटतात. पण काकू कौतुकाने म्हणाल्या, "बघ गं, आत्तापासून पैसा धरून ठेवतोय."

मी हसले. माझी पगारी रजा संपली, आता बिनपगारी चालू आहे. घर एकट्या नवऱ्याच्या पगारावर चाललंय, आणि गॅसच्या सिलिंडरला नेमके पाचशेच कमी पडत होते.

काकू गेल्यावर मी त्याचं एकेक बोट सोडवायला लागले. एक सोडवलं की दुसरं मिटायचं. एवढ्याशा मुठीत एवढा जोर कुठून येतो कोण जाणे. हे पैसे बाळाच्या नावाने ठेवायचे असतात, हे मलाही कळतं. माझ्या आईनेही माझे ठेवले होते म्हणे. कुठे, ते मी कधी विचारलं नाही.

आज माझी आत्या आली. तिने स्वतः शिवलेलं झबलं आणलं, टोपडं आणलं. मी तोंडभर कौतुक केलं. तिची पावलं अजून जिन्यात वाजत होती, तेव्हाच मी बाळाची मूठ उघडून पाहिली.