नापासरावांनी फुली मारलेली गिटार

नापासरावांचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर असेल तेवढंच. बाकी सगळं जग त्यांना नापासराव म्हणायचं, आणि तोंडावर म्हणायचं. यात त्यांना काही वावगंही वाटत नसे. चोवीस वर्षं त्यांनी गिटारच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर काढली होती. लाकूड वाकवणारे, पट्ट्या चिकटवणारे, पॉलिश मारणारे, तारा चढवणारे असे सगळे हात फिरले की गिटार त्यांच्या पुढ्यात यायची, आणि ती बाहेरच्या जगात जायच्या लायकीची आहे का, ते हा गृहस्थ ठरवायचा.

त्यांची एक पद्धत होती. आधी गिटारच्या पोटावर टिचकी. मग एकेक तार. मग काडीला लावलेला बटणाएवढा आरसा गोल भोकातून आत, आणि त्यामागून एक लांब शिसपेन्सिल. आत, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, ते खूण करायचे. बरोबरची खूण म्हणजे पास. फुली म्हणजे नापास, आणि फुलीशेजारी दोषाचा आकडा. एक म्हणजे पॉलिश, दोन म्हणजे मान, तीन म्हणजे सरसाचे जोड आणि चार म्हणजे आवाज. नापास झालेली गिटार शेजारच्या मांडणीवर ठेवायची. पाचच्या ठोक्याला करवतवाला यायचा आणि तिचे दोन तुकडे करायचा. मालकाचा हुकूमच होता, की आपल्या नावाची भिकार गिटार कुणाच्या हाती पडता कामा नये.

पास झालेली गिटार पुढच्या टेबलावर, म्हणजे पॅकिंगला. तिथे त्यांची बायको बसायची. लग्न जमलं तेही त्या दोन टेबलांच्या मधल्या चार हात जागेतच.

नापासरावांच्या तोंडून 'चालेल' हा शब्द कारखान्यात कुणी ऐकला नव्हता. घरीही नाही. आमटी, उशी, न्हाव्याने कापलेले केस, कशालाच नाही. बाजारात कलिंगडावर टिचक्या मारत उभे राहिले की मागे रांग लागायची. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. लोक म्हणाले, बघा किती माया! बायकोला कळलं, ती टिचकी होती. आता बोला!

मग कारखाना बंद पडला. मालक गेला, मुलांना जागेत रस होता, गिटारीत नव्हता. शेवटच्या दिवशी धाकट्या मुलाने जाहीर केलं, की गोदामात उरलेल्या मालातून प्रत्येकाने आठवण म्हणून एकेक गिटार घरी न्यावी. बाकीच्यांनी दोन मिनिटांत हाताला लागली ती उचलली आणि घरचा रस्ता धरला. नापासराव मात्र आरसा घेऊन बसले. एकीची तारांखालची घोडी केसभर सरकलेली, एकीच्या पॉलिशमध्ये माशीच्या पायाएवढा डाग, एकीच्या खुंट्या कुरकुरतात. दिवस मावळेपर्यंत त्यांनी सत्तर गिटारी नापास केल्या. शेवटी रखवालदाराने दंडाला धरून बाहेर काढलं आणि कुलूप लावलं. चोवीस वर्षं गिटारीत बुडालेला माणूस हात हलवत घरी आला.

बायकोने गुडघ्यांपायी दोन वर्षं आधीच नोकरी सोडली होती. ती दारातच म्हणाली, "एक? एकसुद्धा नाही?"

"मनासारखी नव्हती," नापासराव म्हणाले.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. निरोपाच्या चहाला पॉलिशवाला हसत हसत बोलून गेला होता, "अहो, अर्धा कारखाना करवतीखाली गेला, मग राहणार काय?" सगळे हसले. नापासरावही हसले. पण ते बोलणं त्यांच्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच. तेव्हापासून दोन दिवसांआड ते बायकोला ऐकवायचे, "मी पास केलेली एकही कधी परत आली नाही. एकही!" बायको मान डोलवायची आणि काहीतरी निवडायला घ्यायची.

आपण पास केलेली एक गिटार घरात असावी, एवढंच आता त्यांना हवं होतं. चोवीस वर्षं आपण योग्य तेच केलं, याचा भिंतीवर टांगलेला पुरावा. कारखाना नव्हताच, तेव्हा मिळाली तर जुनी, कुणीतरी वापरलेली. सात वर्षांत त्यांनी नऊ पाहिल्या. दर वेळी आरसा आत जायचा, आणि का कुणास ठाऊक, बायको पर्सची चेन उघडझाप करत बसायची. दर वेळी आत बरोबरची खूण निघायची. मग नापासराव छाती फुगवायचे आणि लगेच म्हणायचे, "खूण माझीच, पण या लोकांनी हिची काय दशा केलीय बघा." की झालं! विकणारा लाल, बायको शरमेने लाल, आणि दोघं रिकाम्या हातांनी बसस्टॉपवर.

दहाव्या गिटारीचा पत्ता बायकोनेच लावला. दोन गल्ल्या सोडून एक लॉन्ड्री होती. तिथल्या काचेवर चिठ्ठी होती, 'गिटार विकणे आहे.' खाली बंद पडलेल्या त्या कारखान्याचं नाव, किंमत, आणि मग मोठ्या अक्षरांत, 'नावं ठेवणाऱ्यांनी येऊ नये.'

"वाचलंत?" बायको म्हणाली. "पाच जणांना हाकललंय तिने. किंमत पाडायला म्हणून नावं ठेवली, तर इस्त्री घेऊन अंगावर आली म्हणे. तेव्हा तुम्ही तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर खोकायचं."

"आणि दोष असला तर?"

"तर दोनदा खोकायचं."

लॉन्ड्रीवाली सत्तरीची, बारीक, ताठ बाई. मुलीकडे कायमची राहायला चालली होती, आणि मुलीच्या दोन खोल्यांत आधीच चार माणसं आणि एक शिलाई मशीन होतं. दुकानात वाफ अशी कोंदलेली की नापासरावांचा चष्मा दारातच आंधळा झाला. तो पुसून पाहतात तो काय, गिटार इस्त्रीच्या टेबलाच्या बरोब्बर वर, खिळ्याला टांगलेली! लाकडाला ओल म्हणजे विष. नापासरावांना खोकल्याची उबळच आली.

"वाफेने होतं तसं नव्या माणसाला," लॉन्ड्रीवाली म्हणाली आणि तिने पाणी दिलं.

"सव्वीस वर्षं झाली, नवीकोरी घेतली होती," म्हणत तिने गिटार खाली काढली. घोडीजवळ इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग. खोकला. एक खुंटी मोडलेली, तिच्या जागी शर्टाचं मोठं बटण बसवलेलं. खोकला, खोकला. मानेवरचं पॉलिश बोटांनी पार खाल्लेलं. आता लॉन्ड्रीवालीने बरणीतून खोकल्याची गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "साहेब, छाती दाखवून घ्या हो कुठे तरी." बायकोने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"ताई, जरा वाजवून दाखवता का?" बायको घाईघाईने म्हणाली.

लॉन्ड्रीवाली चादरींच्या गठ्ठ्यावर बसली आणि तिने गिटार मांडीवर घेतली. कसलंसं साधंच काहीतरी वाजवलं, चार सूर वर, तीन खाली. पण आवाज असा भरून आला, असा गोल आणि उबदार, की नापासराव खोकायचे विसरले. गोळी गालातच राहिली. चोवीस वर्षांत हजारो गिटारी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांच्या मनात आलं, हिला मी पास केलं होतं. हीच ती. हिच्यासाठीच सात वर्षं वणवण केली.

"आत जरा बघू का?" त्यांनी खिशातून आरसा काढला.

"आज राहू द्या ना आरसा," बायको म्हणाली. "आवाज आवडला, घेऊन टाकू."

पण आरसा आत गेलाही होता. पर्सची चेन एकदा उघडली, एकदा मिटली. नापासराव वाकले, मग आणखी वाकले. मग त्यांनी आरसा बाहेर काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा आत घातला. मग ते हळूच खुर्चीवर बसले. ती खुर्ची नव्हती, कुणाच्या तरी धुतलेल्या पडद्यांचं बोचकं होतं.

"फुली आहे," ते म्हणाले. "फुली, आणि चार."

लॉन्ड्रीवालीच्या भुवया चढल्या. "हे बघा, नावं ठेवायची नाहीत असं मी स्वच्छ लिहिलंय."

"बाई, मी आत्ता नाही हो ठेवत. सव्वीस वर्षांपूर्वी ठेवलीयत. हा चार माझा आहे. चार म्हणजे आवाज. हिला आवाज नाही, असं मी लिहिलंय."

"हिला? आवाज नाही?" लॉन्ड्रीवालीने इस्त्रीला हात घातला, पण समोरचा चेहरा पाहून तो परत घेतला. "अहो, माझे कपडे कधी वेळेवर तयार नसतात. गिऱ्हाईक तणतणत आत आलं की मी ही वाजवायला घेते. इतक्या वर्षांत उशिराबद्दल एकजण भांडला नाही. ते काय माझ्या इस्त्रीमुळे?"

नापासरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. "पण फुली मारलेली कापली जायची. पाच वाजता. मी डोळ्यांनी बघायचो. मग ही... ही वाचली कशी?"

दुकानात फक्त इस्त्रीचा सुस्कारा. आणि पर्सची चेन.

"अहो," बायको म्हणाली, "ती मी भरली खोक्यात."

"तू?"

"गाडी चारला यायची. तीस नग मागितलेले असायचे आणि तुमच्याकडून यायचे अठ्ठावीस. मालक ओरडणार कुणावर? तुमच्यावर? तुम्ही तर त्याचे लाडके! पॅकिंगवर ओरडायचा. मग तुम्ही चहाला गेलात की मी मांडणीवरच्या वाजवून बघायचे. जी बरी वाटली ती घातली खोक्यात. करवतवाल्या भाऊंना तेवढंच काम कमी."

"किती?" नापासरावांनी विचारलं. "किती भरल्यास अशा?"

"जाऊ द्या ना आता."

"किती?"

"एकोणचाळीस," बायको म्हणाली. मग जरा थांबून, "ही धरून चाळीस." आणि मग, इतक्या वर्षांचं ओझं एकदम खाली टाकावं तशी म्हणाली, "एकही कधी परत आली नाही."

हे तर नापासरावांचंच वाक्य! त्यांना राग यायला हवा होता, आणि तो शोधायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्नही केला. पण राग काही सापडेना. सापडली ती भीती.

"आणि बाकीच्या?" ते म्हणाले. "ज्या कापल्या त्या?"

बायको त्यांच्या शेजारी त्याच बोचक्यावर टेकली. "त्यांतल्या बऱ्याच खरंच भिकार होत्या हो. मी वाजवल्यात ना! कुणाची मान वाकडी, कुणी नुसतीच खरखरायची. बहुतेक वेळा तुमचंच खरं होतं."

"बहुतेक वेळा," नापासराव म्हणाले.

"बहुतेक वेळा तरी कुणाचं खरं असतं का एवढं?"

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जेवला असतात का त्या दिवशी? त्या आठवड्यात?"

नापासरावांनी गिटार उचलली आणि पोटावर एक टिचकी मारली, नेहमीसारखी परीक्षेची नाही, अगदी हलकी. आतून उत्तर आलं, गोल आणि उबदार. "तेव्हा मुकीच होती गं ही," ते पुटपुटले. "देवाशपथ मुकी होती. या बाईंनी वाजवून वाजवून बोलती केलीय."

लॉन्ड्रीवालीने दोघांकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. "मला काय ते तुमचं कारखान्याचं कळलं नाही," ती म्हणाली, "पण हिला नावं ठेवणाऱ्याला मी देणार नाही म्हणजे नाही. सव्वीस वर्षांपूर्वी ठेवली असली तरी नाही." नापासरावांचा चेहरा एवढासा झाला. "ताई, तुम्हाला देते. तुम्ही हिला वाचवलंत. यांना कधी वाजवायची झाली तर तुम्हाला विचारून."

"विचारतील," बायको म्हणाली आणि चिठ्ठीवरची किंमत तिने टेबलावर ठेवली.

नापासराव उठले. गिटारच्या तारा त्यांनी सैल केल्या. मग कोटाच्या आतल्या खिशातून ती लांब शिसपेन्सिल काढली. कारखाना बंद झाल्यापासून ती तिथेच होती, टोक केलेली. भोकाजवळ नेली, आणि थांबले. मग पेन्सिल आणि आरसा त्यांनी बायकोच्या हातात दिले.

"तू कर," ते म्हणाले. "तूच पास केलीस. खूण तेवढी राहिलीय."

इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून तिने ते हजारदा पाहिलं होतं, केलं मात्र कधीच नव्हतं. गुडघे करकरत ती खाली बसली, एका हातात आरसा, दुसऱ्यात पेन्सिल, जीभ ओठांत धरलेली. "डावीकडे," नापासराव म्हणाले. "अगं, आरशात उलटं दिसतं. दुसरं डावं." बराच वेळ खरखर झाली. मग ती बाजूला झाली आणि त्यांनी आरसा घेऊन आत पाहिलं.

त्यांच्या फुलीवर एक खूण उमटली होती. थरथरती, एक टोक भलतंच लांब गेलेलं, आणि जराशी आडवी पडलेली.

"वाकडी झाली ना?" बायकोने विचारलं. "पुसू?"

नापासराव पुष्कळ वेळ आत बघत राहिले. खोकले नाहीत.

"नको," ते म्हणाले. "चालेल."

लॉन्ड्रीवाली पावती लिहीत होती. एवढ्याशा शब्दावर ही बाई कुणाचा तरी इस्त्री केलेला उशीचा अभ्रा उचलून डोळ्यांना का लावतेय, हे तिला काही केल्या कळेना.