छर्र्याचे दीडशे मिली

मे महिन्यातला दुसरा सोमवार, सकाळचे सव्वादहा. हजर: मी, माझे सहायक सलीमभाई, साळवे काका, साळवे काकू, आणि टेबलावर आडवा पडलेला छर्रा, वय साडेतीन महिने, वजन चार किलो आठशे ग्रॅम.

छर्रा म्हणजे सायकलच्या चाकात बसवतात तो बारीक पोलादी गोळा. काका वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला माल मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर लाल शिक्का मारून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर मुलाने त्यांना पिल्लू आणून दिलं. ते घरभर गडगडत फिरायचं म्हणून काकांनी त्याचं नाव छर्रा ठेवलं. त्या दिवशी मात्र तो गडगडत नव्हता. मान टेबलाला टेकलेली, डोळे आत गेलेले. मी हाक मारली तर शेपटीचं फक्त टोक हललं.

काकांनी हकिकत क्रमाने सांगितली. गेले दोन-तीन दिवस तो सुस्त होता. आज पहाटे नळाला पाणी आलं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस बादल्या, ड्रम आणि टाकी भरण्यात गुंतलेलं असतं. तेवढ्यात छर्र्याने भरल्या बादलीत तोंड घातलं. कितीतरी वेळ पीत राहिला. मग दोन उलट्या झाल्या आणि तो आडवा झाला.

उलटी आणि मलूलपणा ऐकला की आम्हा पशुवैद्यांच्या मनात पहिला शब्द येतो तो पार्वो. हा पिल्लांच्या आतड्याचा आजार आहे आणि त्यात दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. काकांना हा शब्द माहीत होता. ते टेबलाची कड धरून उभे राहिले.

माझ्या टेबलामागे भिंतीवर एक यादी चिकटवलेली आहे. आजारी पिल्लू आलं की त्याच क्रमाने जायचं, घाई असली तरी. आधी तापमान, ते नॉर्मल होतं. मग हिरड्या. त्या ओल्या हव्यात, पण बोट लावलं तर चिकट लागल्या. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. निरोगी पिल्लाची कातडी लगेच जागेवर जाते. छर्र्याची सावकाश खाली गेली, रिकामी पिशवी बसते तशी. याचा अर्थ शरीरातलं पाणी कमी झालंय. पार्वोतही असंच होतं, म्हणून सलीमभाईंनी टेस्ट लावली. दहा मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्यात मी पायाच्या शिरेत सुई घालून सलाइन सुरू केलं आणि रक्ताचा नमुना घेतला.

"एकच लाइन आयी, मॅडम," सलीमभाई म्हणाले. "पार्वो नाय."

काकूंनी पदराने चेहरा पुसला. काका जागचे हलले नाहीत. मालात दोष आहे आणि कारण सापडलेलं नाही, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

यादीतला पुढचा प्रश्न खाण्यापिण्याचा. पाणी किती पितो, असं विचारलं की शंभरातले नव्वद मालक सांगतात, भरपूर. मालकाने मोजलेलं नसतं, आम्हीही ते उत्तर अर्धंच लिहून घेतो. काकांनी पिशवीतून एक रजिस्टर काढलं.

"रोज दीडशे," ते म्हणाले. "सकाळी पन्नास, दुपारी पन्नास, संध्याकाळी पन्नास. एक दिवस चुकलेला नाय."

मी रजिस्टर उघडलं. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वेळ, मिली, सही. सहा आठवड्यांची पानं, एकही खाडाखोड नाही. मी स्वतः याद्या करणारी बाई आहे. खरं सांगते, आधी मला कौतुकच वाटलं. पान उलटताना आत घडी घातलेला एक कागद दिसला. त्यावर अक्षर माझं होतं.

नवं पिल्लू आलं की मालकाला द्यायला मी एक छापील कागद केला आहे. लसी, जंताचं औषध, खाणं, पाणी. पाण्याच्या ओळीत लिहिलंय, 'दर किलो वजनाला दिवसाला साठ मिली', आणि पुढे एक चौकोन. छर्रा पहिल्यांदा आला तेव्हा अडीच किलोचा होता. मी गुणाकार केला आणि चौकोनात लिहिलं, १५०.

त्या दिवसापुरता तो आकडा बरोबर होता. तेव्हा तो भिजवलेलं खाणं खात होता, त्यातूनही पाणी पोटात जायचं. तीन आठवड्यांपूर्वी काका त्याला लसीच्या दुसऱ्या डोससाठी घेऊन आले. मी वजन केलं, लसीच्या पुस्तकात लिहिलं. दात आलेत, आता कोरडं खाणं द्या, असंही सांगितलं. म्हणजे वजन वाढलं, खाण्यातलं पाणी गेलं, एप्रिलचा मे झाला. मी या तिन्ही गोष्टी पाहिल्या, लिहिल्याही, पण वेगवेगळ्या जागी. चौकोनातला आकडा दीडशेच राहिला.

मी काकांना विचारलं, एवढ्या उन्हात पिल्लू जास्त पाणी मागत नव्हतं का? मागत होता, ते म्हणाले. मोरीतली ओली फरशी चाटायचा. कूलरखाली जीभ लावून बसायचा. वाईट सवय लागेल म्हणून त्यांनी मोरीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली.

"ह्यांना मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, लेकरू तहानलंय," काकू म्हणाल्या. "तर म्हणे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय. आमच्या घरात अंघोळीची बादलीसुद्धा मोजून मिळती, मॅडम. मी काय बोलू?"

"आकड्याच्या पुढं प्लस-मायनस नव्हतं," काका म्हणाले. "मग मी मनानं कसं वाढवणार?"

प्लस-मायनस म्हणजे टॉलरन्स. कारखान्यात प्रत्येक मापाच्या पुढे लिहिलेलं असतं, किती कमी-जास्त चालेल. ते लिहिलेलं नसेल तर माप तेच आणि तेवढंच. मी डॉक्टर म्हणून लिहिला होता एक अंदाज. त्यांनी इन्स्पेक्टर म्हणून वाचलं होतं कारखान्यातलं मापांचं ड्रॉइंग.

सलाइनचा थेंब बघत मी बसून राहिले. चूक माझी आहे, हे मला तोवर कळलं होतं. ते कधी आणि कसं सांगायचं एवढंच ठरायचं होतं. पण एक गोष्ट हिशोबात बसत नव्हती. कोरडं खाणं, वाढतं पिल्लू, मेचा उन्हाळा आणि दिवसाला दीडशे मिली. तीन आठवडे हे असं चाललं असेल तर छर्रा याआधीच आडवा पडायला हवा होता. तो दोन-तीन दिवसांपूर्वीच का पडला?

मी हे मोठ्याने विचारलं. कुणाला उद्देशून नाही, विचार करताना बोलते तसं. आणि जे आधीच बोलायला हवं होतं तेही बोलून टाकलं.

"काका, हा आकडा माझा चुकला. वजन वाढल्यावर तो बदलायचं काम माझं होतं. तुम्हाला दिलेलं काम तुम्ही बरोबर केलंत."

काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी देत होते," त्या म्हणाल्या.

"काय देत होतीस?" काकांनी विचारलं.

"पाणी. दुपारी तुम्ही झोपल्यावर. त्याचं कोरडं खाणं सुरू झालं तेव्हापासून. दोन वाट्या."

सलीमभाई उगाच कापूस आवरायला लागले. तीस वर्षं लोकांचे खोटे आकडे पकडलेला माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या रजिस्टरमधला आकडा तीन आठवडे खोटा निघाला होता. मला वाटलं, आता काहीतरी मोठं ऐकायला मिळणार.

काकांनी खिशातून पेन काढलं.

"कोणती वाटी?"

"आमटीची."

"लहान का मोठी?"

"लहान. काठोकाठ नाय."

"म्हंजे शंभर धर. दोन वाट्या, दोनशे." त्यांनी पट्टी मागितली. माझ्याकडे पट्टी नव्हती, मग एक्स-रेच्या पाकिटाची कड लावून त्यांनी नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, सौ. मग तीन आठवडे मागे जाऊन प्रत्येक तारखेसमोर दोनशे लिहीत खाली आले. दोनशे, दोनशे, दोनशे. बुधवारपर्यंत आले आणि हात थांबला.

"गुरुवारी तू पैठणला गेलीस."

"बहिणीकडं. रविवारी रात्री उशिरा आले, तेव्हा तो झोपलेला होता."

काकांनी गुरुवारपुढे शून्य लिहिलं. शुक्रवारी शून्य. शनिवारी शून्य. रविवारी शून्य. पेनाचं टोपण लावलं आणि त्या चार शून्यांकडे बघत राहिले. कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती. चार दिवस पिल्लू फक्त माझ्या आकड्यावर होतं, आणि पाचव्या दिवशी त्याला भरलेली बादली दिसली.

"नोंद नव्हती म्हणून मला दिसलं नाय," काका शेवटी म्हणाले. मग काकूंना, हळू आवाजात, "बरं केलं."

काकूंनी मान दुसरीकडे वळवली. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईला हे दोन शब्द कितीदा ऐकायला मिळाले असतील, मला माहीत नाही.

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडाचा आकडा वर गेला होता. शरीरात पाणी कमी पडलं की तो वाढतो. पाणी मिळाल्यावर उतरला तर ठीक. नाही उतरला तर मूत्रपिंडाला कायमची इजा झाली असं समजायचं. हे मी दोघांना स्पष्ट सांगितलं. तीन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. तहानलेल्या पिल्लाला एकदम भांडं भरून द्यायचं नसतं. ते अधाशासारखं पितं आणि सगळं बाहेर टाकतं, पहाटे तेच झालं होतं. म्हणून दर वीस मिनिटांनी दोन-दोन चमचे. काका घड्याळ लावून बसले. या कामाला त्यांच्याइतका योग्य माणूस मला मिळाला नसता. चार वाजता छर्र्याने चमचा चावला. साडेचारला तो उठून बसला आणि सलीमभाईंच्या चपलेकडे बघायला लागला.

ते तीन दिवस मी रोज सकाळी आधी साळवेंना फोन करत होते. गुरुवारी रिपोर्ट आला, आकडा उतरला होता. मी तो दोनदा वाचला. पुढच्या महिन्याच्या तपासणीत तो नॉर्मलला आला.

त्याच गुरुवारी मी कागद बदलला. पाण्याच्या ओळीतला चौकोन काढून टाकला. आता तिथे लिहिलंय: पाण्याचं भांडं कायम भरलेलं ठेवा, दिवसातून दोनदा पाणी बदला. खाली तीन खुणा लिहिल्या आहेत. लघवी गडद पिवळी दिसली, हिरड्या चिकट लागल्या किंवा कातडी सावकाश बसली तर पाणी कमी पडतंय. पिल्लू अचानक नेहमीपेक्षा फार जास्त पाणी प्यायला लागलं तरी दाखवायला आणा, तोही आजार असू शकतो. आकडा ठेवला आहे, पण वेगळ्या कामासाठी: दर किलोला कमीत कमी साठ मिली, उन्हाळ्यात आणि कोरड्या खाण्यावर यापेक्षा बरंच जास्त. कच्चा मजकूर काकांना दाखवला. त्यांनी 'बरंच' या शब्दाखाली रेघ मारून विचारलं, बरंच म्हणजे किती? मी म्हटलं, तो पिईल तितकं. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी लाल शिक्का मारला नाही. रजिस्टर अजून चालू आहे. आता त्यात किती दिलं ते लिहीत नाहीत, किती प्यायला ते लिहितात.

जुना कागद त्या वर्षी एकतीस घरांत गेला होता. मी यादी काढली आणि सलीमभाई आणि मी फोन करायला बसलो. बहुतेकांचं उत्तर एकच: कुठला कागद, मॅडम? कुणी तो फ्रिजच्या वर टाकला होता, कुणी हरवला होता, एका घरी पिल्लानेच खाल्ला होता. म्हणजे माझ्या चुकीपासून लोक वाचले ते मी लिहिलेलं कुणी वाचत नाही म्हणून. ज्या एका माणसाने ते नीट वाचलं आणि तंतोतंत पाळलं, त्याच्या घरात पिल्लू आडवं पडलं. हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. आकडा लिहिताना त्याची मुदतही लिहावी, हेही तिथेच लिहिलं आहे.

एकतीसपैकी तीस नावांपुढे खूण झाली आहे. एक राहिलं आहे, वैजापूरचं. मार्केट यार्डात कांद्याचा व्यापार असलेलं कुटुंब, काळं पिल्लू, पहिल्या भेटीत वजन दोन किलो, चौकोनात १२०. दिलेला नंबर बंद लागतो. तिकडून येणाऱ्या दोघांजवळ निरोप दिला, उत्तर नाही. दुसऱ्या डोससाठीही ते आले नाहीत. सलीमभाई म्हणतात, उन्होंने भी नहीं पढा होगा. शक्य आहे. पण वाचणारी माणसं असतात, हे मी पाहिलं आहे. रविवारी क्लिनिक बंद असतं. तेव्हा वैजापूरच्या यार्डात जाऊन विचारायचं आहे.